मे महिन्यात दाखवलेली जागा: गंगापूर बॅकवॉटरच्या एका प्लॉटचं प्रकरण

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला, गिरणाऱ्याच्या अंगाला, सातबाऱ्यावर ४६ आर (एक आर म्हणजे साधारण एक गुंठा) भरणारा जमिनीचा एक तुकडा. घेणारे नाशिकचेच, बँकेतून निवृत्त झालेले. निफाड तालुक्यात वडिलोपार्जित शेती असल्याने शेतकरी असल्याचा पुरावा हातात होता. विकणारं कुटुंब त्याच गावचं, तीन पिढ्या तिथे कसणारं. मधे एक एजंट. मे महिन्यात जागा दाखवली, जूनमध्ये खरेदीखत झालं. ऑगस्टमध्ये कुंपणाच्या आत पाणी शिरलं आणि दिवाळीच्या आत दोन कागद आले. एक पाटबंधारे शाखेची अतिक्रमणाची नोटीस, दुसरी गावातल्याच एका कुटुंबाची तहसीलला दिलेली तक्रार.

मी मोजणीचं काम करतो, आणि हे प्रकरण माझ्याकडे आलं ते या दोन कागदांनंतर. खरेदीच्या आधी फार थोडे लोक येतात, ही आमच्या धंद्यातली जुनी रड आहे. नावं, गट नंबर आणि गाव मुद्दाम देत नाही. घेणाऱ्यांना आपण काका म्हणू.

काका फसले असं सगळे म्हणतात. मला ते तितकंसं पटत नाही. विक्रेत्याने खोटा कागद दाखवला नव्हता. सातबारा खरा होता, खरेदीखत नोंदवलेलं होतं, फेरफार मंजूर होता. चूक होती ती सगळ्यांनी मिळून पाण्याची कड ही हद्द समजण्यात.

पाणी कोणाच्या हुकमाने चढतं

गंगापूर हे तलाव नाही, धरण आहे, हे बॅकवॉटरच्या जागा घेणाऱ्यांना कितीही सांगा, कमीच. मातीचं धरण, १९६५ साली पूर्ण झालेलं, नाशिक शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मुख्य आधार. मूळ क्षमता ७,२०० दशलक्ष घनफूट होती. गाळ साचत गेला आणि आता ती ५,६३० धरतात. वरच्या अंगाला काश्यपी आणि गौतमी गोदावरी ही दोन धरणं आहेत. त्यांतून सोडलेलं पाणी गंगापूरमध्येच येतं.

वर्षाचा फेरा साधारण असा असतो. जुलैत त्र्यंबक, अंबोलीकडे पाऊस लागला की धरण भराभर चढतं. पण अभियंते ते लगेच शंभर टक्के होऊ देत नाहीत. पुढे येणाऱ्या पुरासाठी जागा रिकामी ठेवावी लागते, नाहीतर एका रात्रीत सगळं पाणी रामकुंडावर जातं. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर नाशिककर विसरलेले नाहीत. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, यावर शहर पुराची मोजदाद करतं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पातळी टप्प्याटप्प्याने वर नेतात, मधेच विसर्ग करून खाली आणतात, आणि पावसाळा सरता सरता धरण काठोकाठ भरून घेतात.

मग १५ ऑक्टोबर उजाडतो. त्या दिवशीच्या साठ्यावर जायकवाडीचा हिशेब होतो. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाप्रमाणे जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं. २०२३ मध्ये तसा आदेश निघाला: एकूण ८.६०३ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात गंगापूर समूहाचा वाटा अर्धा टीएमसी. त्यावरून नाशिकमध्ये काय रान उठलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यानंतर रब्बीची आवर्तनं, शहराचं रोजचं पाणी, उन्हाळ्यातलं बाष्पीभवन. मे-जूनपर्यंत धरण तळाकडे सरकतं, आणि फारच खाली गेलं तर महापालिका जॅकवेलपर्यंत, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीपर्यंत, पाणी आणायला चर खोदायच्या गोष्टी सुरू करते.

या सगळ्या हिशेबात काठावर घर असलेल्या माणसाचं नाव कुठेही येत नाही. त्याच्या गच्चीवरून पाणी किती लांब दिसावं याचा कोणालाच विचार करावा लागत नाही, आणि करूही नये. पिण्याचं पाणी, शेती, खालच्या खोऱ्याचा हक्क आणि पुराची सुरक्षा या चौघांच्या ओढाताणीत जी पातळी ठरते तीच खरी. काकांनी मला विचारलं होतं, "पाणी वर्षभर एका पातळीला ठेवायला काही अर्ज करता येईल का?" मी हसलो नाही, कारण प्रश्न प्रामाणिक होता. पण उत्तर नाही असंच आहे.

मे महिन्यातली कड

जागा दाखवायला एजंट मे महिनाच का निवडतात, हे वेगळं सांगायला नको. पाणी लांब गेलेलं असतं. मधे तुकतुकीत गाळाचा सपाट उतार, त्यावर कुठे कुठे हिरवळ, पलीकडे निळं पाणी आणि मागे डोंगर. त्या उताराकडे हात करून एजंट म्हणाला होता, "हे सगळं आपलंच, काका. पावसाळ्यात पाणी फार तर त्या बाभळीपर्यंत येतं."

बाभूळ पाण्याच्या कडेपासून बरीच वर होती, पण पाण्याने गाठायच्या रेषेपासून बरीच खाली होती. हा काही डोळ्यांचा दोष नाही. जमीन चाळीसास एक या उताराने उतरत असेल, तर पातळी एक मीटर चढली की पाणी ४० मीटर आत येतं. उभ्यातला एक मीटर डोळ्याला जाणवतही नाही. आडव्यातले ४० मीटर म्हणजे अख्खं अंगण. आणि मे ते सप्टेंबर गंगापूरच्या पातळीत पडणारा फरक काही मीटरचा असतो.

काकांनी जूनमध्ये कामाला सुरुवात केली ती याच भरवशावर. सिमेंटचे खांब आणि तारेचं कुंपण थेट गाळाच्या उतारापर्यंत. त्याच्या आत दगडी भिंत, कारण माती धुपू नये. भिंतीला लागून पाण्यात उतरायला पायऱ्या. पत्र्याची एक शेड. शोषखड्डा. एक पंप, ज्याला उपसा परवाना लागतो हे कोणी सांगितलंच नव्हतं. घराचा नकाशा आर्किटेक्टकडे होता, परवानगी यायची होती. तेवढं बरं झालं, नाहीतर घरही त्यातच गेलं असतं.

मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा कुंपणाच्या पुढच्या रांगेतले खांब पाण्यात होते, नुसती टोकं दिसत होती. पायऱ्या पूर्ण बुडालेल्या. दगडी भिंतीच्या वरच्या थरावर लाटा आपटत होत्या आणि मागची भरावाची माती भिंतीखालून निघून चालली होती. शोषखड्ड्यात धरणाचं पाणी उलटं भरलं होतं. शहर जे पाणी पितं त्यात हा खड्डा उघडा झाला होता, आणि पूर्ण प्रकरणात मला खरोखर चीड आली ती या एकाच गोष्टीची.

आणखी एक बारकावा, जो त्या जागेपुरता महत्त्वाचा ठरला. जागा धरणाच्या भिंतीजवळ नव्हती, वरच्या टोकाला होती, जिथे ओढा येऊन मिळतो. धरण साठ्याची पातळी भिंतीपाशी मोजतात. शांत पाण्यात ती सगळीकडे सारखी असते. पण वरून पूर येत असताना पाण्याचा पृष्ठभाग सपाट राहत नाही, आवक जिथून होते तिकडे तो चढा असतो. म्हणजे धरण ऐंशी टक्क्यांवर असल्याची बातमी वाचून निर्धास्त झोपावं आणि सकाळी शेडमध्ये पाणी, असं त्या टोकाला होऊ शकतं. शिवाय गाळही तिथेच आधी बसतो. गाळाने साठा कमी होतो, पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण काठोकाठ भरल्यावरची पाण्याची उंची, कमी होत नाही. धरण शंभर टक्के भरलं की कड तिथेच येणार, साठा पूर्वीपेक्षा कमी का असेना.

कड, पातळी आणि दगड

नोटिशीत लिहिलं होतं की कुंपण आणि भिंत संपादित क्षेत्रात आहे, पंधरा दिवसांत काढावी. काकांचं म्हणणं: "पाण्यात गेलेलं सोडा, ते मी काढतो. पण जे कोरडं आहे ते माझंच ना?" त्यांच्या सोसायटीतल्या एका वकिलांनीही हेच सांगितलं होतं. इथेच या प्रकरणाची खरी गाठ आहे.

काठावर तीन वेगवेगळ्या रेषा असतात. पहिली पाण्याची कड, जी रोज हलते आणि जिला कायद्यात काही किंमत नाही. दुसरी पूर्ण संचय पातळीची समपातळी रेषा, म्हणजे धरण काठोकाठ भरल्यावर पाणी जिथवर येतं ती. तिसरी संपादनाची रेषा, म्हणजे धरणासाठी सरकारने मोबदला देऊन जिथवर जमीन घेतली ती. तिसरी ही दुसऱ्या रेषेच्या बाहेरच असते, कारण पूर, लाटा, धूप यांसाठी जास्तीची पट्टी घेतात. आणि ती समपातळी रेषेसारखी वळणं घेत नाही. दगडापासून दगडापर्यंत सरळ जाते, कधी बांधाला धरून जाते, कधी अख्खा सर्व्हे नंबरच गिळते. त्यामुळे कधीच न बुडणारी जमीनही सरकारची असू शकते. मालकी ठरते ती तिसऱ्या रेषेवर.

ताबा घेतलेली जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे सर्व बोजांतून मुक्त होऊन सरकारकडे जाते. पुढे ती वापरली नाही, कोरडी राहिली, म्हणून मूळ मालकाकडे आपोआप परत येत नाही. न्यायालयांनी हे इतक्या वेळा सांगितलं आहे की त्यावर खर्च करण्यात अर्थ नाही.

"पण विकणारं कुटुंब तर साठ वर्षं तिथे कसतंय, वहिवाट झाली की," हा पुढचा मुद्दा. सरकारविरुद्ध प्रतिकूल ताब्याला, म्हणजे नुसत्या ताब्यावर मालकी सांगायला, ३० वर्षं लागतात, आणि तो ताबा सलग आणि उघड हवा. जी जमीन दर पावसाळ्यात सरकारच्या पाण्याखाली जाते तिच्यावर सलग ताबा कसला सांगणार? आणि त्याच कुटुंबाने मधल्या काही वर्षांत सरकारकडून गाळपेराची, म्हणजे पाणी उतरल्यावर उघडी पडणारी जमीन हंगामापुरती कसायची, पावती घेतल्याचं निघालं. म्हणजे मालक सरकार आहे हे त्यांनीच सही करून मान्य केलं होतं.

सातबाऱ्यावर ४६ आर आले कुठून

हा भाग मला सगळ्यात जास्त सांगावासा वाटतो, कारण गंगापूर, दारणा, मुकणे, वैतरणा, कुठल्याही काठावर हेच सापडतं.

संपादन झालं १९५०च्या दशकात. तेव्हा जमीन सर्व्हे नंबरने ओळखली जायची. भूसंपादन अधिकाऱ्याचा निवाडा झाला, संयुक्त मोजणी झाली, ताबा पावती झाली. त्यानंतर भूमी अभिलेख खात्याने कमी-जास्त पत्रक करायचं असतं, म्हणजे मूळ क्षेत्रातून गेलेलं क्षेत्र वजा करून उरलेलं अधिकार अभिलेखात लावायचं. या सर्व्हे नंबरच्या बाबतीत ते झालंच नाही. पुढे गावात जमिनीचे तुकडे एकत्र करायची एकत्रीकरण योजना आली, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. नव्या गटाला जुन्या नंबरचं पूर्ण क्षेत्र जसंच्या तसं चिकटलं. मग सातबारा संगणकावर चढला, आणि ४६ आर आता छापील अक्षरांत, डिजिटल सहीसह यायला लागले. जुनी चूक जितकी सुबक छापली जाते, तितकी ती खरी वाटते.

शोध उलटा घ्यावा लागला. आधी गटावरून जुना सर्व्हे नंबर काढला, त्यासाठी एकत्रीकरणाचा जबाब आणि जुने फेरफार पाहिले. मग त्या सर्व्हे नंबरवरून निवाडा. निवाड्याची प्रत मिळायला माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा लागला. संयुक्त मोजणीचा नकाशा मात्र अनपेक्षितपणे लगेच सापडला. कापडावर चिकटवलेला, घड्यांवर फाटलेला, क्षेत्र एकर-गुंठ्यांत, शाईने काढलेली संपादन रेषा आणि तिच्यावर दगडांचे क्रमांक. त्या सर्व्हे नंबरमधून १३ गुंठे गेल्याची नोंद स्पष्ट होती.

मग जागेवर ते दगड शोधणं आलं. पाणी उतरायला लागलं होतं. नकाशावरची अंतरं टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्रावर घेऊन आम्ही बेशरमच्या झुडपात शिरलो. एक दगड सापडला, तिरका झालेला, वरचं टोक फुटलेलं, पण बाजूला कोरलेला आकडा बोटाने चाचपता येत होता. दुसरा शेजारच्या बांधात चिणलेला निघाला, बहुधा कोणीतरी बांध नीट करताना उचलून लावलेला, त्यामुळे तो धरता आला नाही. दोन पक्के बिंदू मिळाल्याशिवाय रेषा ओढायची नाही, हा नियम. म्हणून गावच्या विहिरीचा आणि एका जुन्या बांधाच्या तिठ्याचा आधार घेऊन दुसरा बिंदू पक्का केला, आणि मग भूमी अभिलेखकडे रीतसर हद्द कायम मोजणीचा अर्ज टाकला. सरकारी भूकरमापकाची क प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा, आली ती आमच्या मापाला धरून. खाजगी मोजणी शोधायला उपयोगी. भांडायला सरकारी क प्रतच लागते.

निकाल असा: सातबाऱ्यावर ४६ आर, संपादित १३ आर, शिल्लक ३३ आर. संपादित १३ पैकी साधारण ९ आर धरण भरल्यावर पाण्याखाली जातात. उरलेले ४ आर कायम कोरडे. काकांची पत्र्याची शेड नेमकी त्या चार आरांत.

पातळीची रेषा तपासायला एक साधी युक्ती आहे. धरण पूर्ण भरलेलं आहे, दरवाजे बंद आहेत, वरून आवक नाही आणि वारा पडलेला आहे, अशा दिवशी पाण्याची कड हीच पूर्ण संचय पातळीची रेषा असते. त्या दिवशी काठाने खुंट्या ठोकून घ्याव्यात. असा दिवस मिळणार नसेल, तर गुगल अर्थवर ऑक्टोबरच्या आसपासची जुनी छायाचित्रं उघडून पाहावीत. मे महिन्यात भुलणाऱ्याने निदान तेवढं तरी करावं. काकांच्या मुलाने नंतर ती उघडली आणि दोन-तीन वर्षांच्या चित्रांत बाभूळ पाण्यात उभी असलेली दिसली.

हरभरा

तक्रार करणारं कुटुंब प्रकल्पग्रस्त होतं. धरणात त्यांची जमीन गेली. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन सरकार हंगामापुरती कसायला देतं, आणि त्यात प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य असतं. वर पाऊस नाही, खाली ओल भरपूर. हरभरा, गहू, थोडा भाजीपाला आणि जनावरांना चारा होतो. दुष्काळी वर्षांत चारा पिकवायला सरकारने हीच जमीन नाममात्र भाड्याने दिली आहे. पक्कं बांधकाम तिथे चालत नाही, कारण पुढच्या पावसाळ्यात ते पाण्यात जायचंच असतं.

काकांच्या कुंपणाने त्यांच्या पट्ट्याची वाट अडली होती. शिवाय दगडी भिंतीच्या भरावाची माती वाहून त्यांच्या वाफ्यांत बसली होती. मोजणीच्या दिवशी त्या घरातल्या आजी बांधावर येऊन बसल्या. काका जरा रागातच होते, म्हणाले, "आजी, मी पैसे मोजून घेतलीय ही जागा." आजींनी आवाज चढवला नाही. "तुमी पैसे दिले आसतील बाबा. आमाला धरणानं पैसे दिले न् जमीन घेतली. आता पानी गेलं की आमी पेरितो, पानी आलं की सोडितो. तुमचा खांब काय पानी आलं म्हनून हालत नाही."

या कुटुंबाची बाजू नोटिशीपेक्षा मजबूत होती, असं माझं मत. पाटबंधारे शाखेला अशी कुंपणं काठाकाठाने दिसत असतात, आणि सगळ्यांना नोटिसा जातात असंही नाही. पण हातात चालू हंगामाची पावती असलेला माणूस तक्रार करतो तेव्हा कागद हलतात.

पूररेषा, ५० मीटर आणि इतर ऐकीव गोष्टी

काकांच्या आर्किटेक्टने सुरुवातीला सांगितलं होतं, "आपण पूररेषेच्या बाहेर आहोत." खरंच होते. पण ती पूररेषा धरणाच्या खालची. निळी आणि लाल रेषा ही नदीपात्रासाठी आखतात. निळी साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत बांधकाम नाही. लाल त्याहून मोठ्या पुराची. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात बांधायचं तर राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचावर. सोमेश्वर, आनंदवल्ली, पंचवटीत ज्यांची घरं आहेत त्यांच्यासाठी हे सगळं जिव्हाळ्याचं. धरणाच्या आत, बॅकवॉटरला, त्या नकाशाचा उपयोग नाही. तिथे संपादन रेषा आणि जलसंपदा विभागाचं ना हरकत प्रमाणपत्र पाहावं लागतं. बांधकामाची परवानगी नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून, आणि ते हे प्रमाणपत्र मागतात.

दुसरी ऐकीव गोष्ट ५० मीटरची. ती आली पाणथळ जागांच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांतून. गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत कायमचं बांधकाम नको, असा तो नियम. पण पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय त्या व्याख्येतून वगळले आहेत. त्यामुळे गंगापूरला तो नियम लावून कोणी घाबरवत असेल, किंवा "५० मीटर सोडले की झालं" असं सांगून निर्धास्त करत असेल, दोघांचंही ऐकू नये. निफाडमधलं नांदूरमधमेश्वर मात्र रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, बंधाऱ्याने तयार झालेलं असूनही. तिथला हिशेब वेगळा.

४६ चे ३३ झाल्यावर

क्षेत्र कमी झालं याचं काकांना वाईट वाटलं होतं. पण खरा फटका त्यांना आर्किटेक्टच्या ऑफिसात बसला. शेती विभागात शेतघर बांधायला किमान ०.४० हेक्टर क्षेत्राची अट आहे. ४६ आरांवर घर बसत होतं, ३३ वर बसत नाही. म्हणजे गेलेल्या १३ आरांनी उरलेल्या ३३ आरांचं कामही काढून घेतलं.

शेजारच्या शेतकऱ्याकडून सात-आठ आर घ्यावेत असा एक विचार निघाला. तोही सरळ नाही. जिरायत जमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे विकता येणारा लहानात लहान तुकडा, २० गुंठे, बागायतीचं १०, असं २०२३ मध्ये ठरलं. त्याखालचा नवा तुकडा पाडून विकायला तुकडेबंदी आड येते. त्या कायद्यात अलीकडे सवलती येत आहेत, पण या गावाला त्या लागू होतात का हे तहसीलमधूनच लेखी घ्यावं, एजंटच्या तोंडावर जाऊ नये, एवढंच मी सांगितलं. एकदा तोंडावर गेलेच होते.

राहिली भरपाई. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याने मालकी हक्कातला दोष सांगायचा असतो आणि जे विकतो ते विकण्याचा अधिकार आपल्याला आहे याची हमी देत असतो. खरेदीखतात क्षेत्र कमी भरल्यास विक्रेता जबाबदार, अशी ओळही होती. दावा टाकला असता तर काका बहुधा जिंकले असते, फक्त किती वर्षांनी ते सांगता येत नाही. विकणाऱ्या कुटुंबाकडे पैसे उरले नव्हते, ट्रॅक्टर आणि मुलीच्या लग्नात गेले होते. आजोबांनी घेतलेल्या मोबदल्याची आठवण घरात एका वृद्ध काकूंनाच होती, आणि व्यवहाराच्या वेळी त्यांना कोणी विचारलं नव्हतं. एजंटला माहीत होतं असं मला वाटतं. माहीत नसलेला माणूस बाभळीचं वाक्य इतक्या सफाईने बोलत नाही. पण ते सिद्ध करता येणार नाही.

शेवटी गावातच बैठक झाली. दोन्हीकडचे नातेवाईक, पोलीसपाटील, आणि काकांच्या आग्रहाने मी. १३ आरांची किंमत खरेदीच्या दराने काढली. विक्रेत्याने त्यातली निम्मी रक्कम दोन हप्त्यांत द्यायची, एजंटने आपली दलाली परत करायची, आणि बाकीची काकांनी सोडायची, असं ठरलं. मी काकांना दाव्याचा मार्गही समजावून सांगितला होता. त्यांनी सत्तरीत कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला नकार दिला, आणि मला त्यांचा निर्णय शहाणपणाचा वाटला. चूक दुरुस्ती दस्त करून खरेदीखतात क्षेत्र ३३ आर केलं.

कुंपण रब्बीच्या पेरणीआधी मागे घेतलं, संपादन रेषेच्याही एक मीटर आत. दगडी भिंत काढायला काका कबूल नव्हते, कारण तिच्यावर सगळ्यात जास्त खर्च झाला होता. ती काढून दगड जागेवरच बांधाला वापरता येतील हे पटल्यावर राजी झाले. शोषखड्डा उपसून मुरूम टाकून बंद केला. पंप उचलला. शाखेत अनुपालनाचं पत्र दिलं, त्यासोबत क प्रत आणि छायाचित्रं जोडली, आणि नोटिशीवर पुढची कारवाई झाली नाही. आजींच्या घरच्यांनी तक्रार मागे घेतली. त्यांनी अट एकच घातली होती, बैलगाडीपुरती वाट कुंपणाच्या बाहेरून मोकळी ठेवावी, आणि ती लेखी घेतली.

कमी-जास्त पत्रकाचा प्रस्ताव भूमी अभिलेखकडे आहे. तो होईपर्यंत सातबाऱ्यावर ४६ आरच दिसत राहणार, आणि उद्या कोणी नव्याने पाहिलं तर त्याला तेच खरं वाटेल. म्हणून प्रस्ताव प्रलंबित असल्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घालायला आम्ही तलाठ्यांकडे वेगळा अर्ज दिला आहे. काकांनी ३३ आरांत आंबा आणि चिकू लावला आहे, ठिबकसाठी बोअर घेतलं आहे, आणि आर्किटेक्टची फी अजून द्यायची आहे की नाही यावर त्यांचं आणि आर्किटेक्टचं चालू आहे.